मळभात फोटो काढायचेत? आधी उजेड कुठून येतोय ते बघा

जून लागला की आमच्या ग्रुपवर दर शनिवारी रात्री कुणीतरी टाकतंच, उद्या ढगाळ दिसतंय, कॅन्सल करूया का. आणि मी दर वेळी तेच लिहितो की अरे उद्याच तर जायचंय. पुण्यात पावसाळ्यात काय होतं, घाटमाथ्यावर ढग जोरात बरसून घेतात आणि आपण पडतो पर्जन्यछायेत, त्यामुळे लोणावळा ताम्हिणीला धो धो चालू असतं तेव्हा आपल्याकडे नुसतं मळभ, मध्येच भुरभुर, परत मळभ. ऊन नाही म्हणून कॅमेरा कपाटात ठेवला तर वर्षातले चार महिने गेलेच म्हणून समजा, आणि माझ्या मते पुण्यात फोटोसाठी सगळ्यात चांगले हेच चार महिने आहेत. फक्त उन्हातल्या सवयी घेऊन मळभात गेलात तर फोटो फिके येतात आणि मग लोक म्हणतात लाईटच नव्हता. लाईट असतो हो. तो कुठून येतोय हे बघितलेलं नसतं.

उन्हात सूर्य म्हणजे आभाळातला जेमतेम अर्ध्या अंशाचा ठिपका आणि सगळा उजेड त्या ठिपक्यातून येतो, म्हणून सावलीची कड सुरीने कापल्यासारखी. ढग आले की तोच उजेड ढगातल्या पाण्याच्या थेंबांवरून इकडेतिकडे फेकला जातो आणि अख्खं आभाळच दिवा होऊन बसतं. लग्नाच्या हॉलमध्ये फोटोग्राफर फ्लॅशपुढे पांढरी छत्री लावतात ना, तसंच, फक्त ही छत्री क्षितिजापासून क्षितिजापर्यंत. कपाळ चमकत नाही, नाकाची सावली ओठावर येत नाही, कुणी डोळे बारीक करत नाही, आणि दुपारी बारा वाजतासुद्धा माणसाचा फोटो काढता येतो, जे एप्रिलमध्ये पुण्यात अशक्यच.

पण ढगाळ आभाळ सगळीकडे सारखं उजळ नसतं. गच्च भरलेलं आभाळ असेल तर बरोबर डोक्यावरचा भाग क्षितिजाजवळच्या भागापेक्षा साधारण तिप्पट उजळ असतो. म्हणजे मोकळ्या ग्राउंडवर माणूस उभा केला की उजेड पडतो केसांवर, खांद्यावर, नाकाच्या शेंड्यावर, आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या, हनुवटीखाली काळं, माणूस चार रात्री झोपला नाही असा दिसतो. सावली दिसत नाही म्हणून आपल्याला वाटतं उजेडाला दिशाच नाही. दिशा असते, वरून खाली. ती बदलता आली की मळभातले निम्मे प्रॉब्लेम सुटले.

हे स्वतः बघायचं असेल तर मूठ वळा, डोळ्यांसमोर धरा आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरा, बोटांच्या पेरांकडे बघत. मोकळ्यावर कुठेही वळलात तरी मूठ सारखीच दिसेल, वर उजळ खाली काळपट. आता हेच एखाद्या बसस्टॉपच्या छपराखाली कडेला उभं राहून करा. आतल्या बाजूला तोंड केलंत की मूठ छान भरून उजळेल, जरा वळलात की एका बाजूने उजेड आणि दुसऱ्या बाजूने हळूहळू उतरत जाणारा अंधार, आणि तोंड बाहेर केलंत की मूठ काळी. ही मुठीची टेस्ट मी आजही प्रत्येक जागी करतो, दहा सेकंद लागतात, आणि लोक बघतात तर बघू देत.

तर नियम एकच, डोक्यावर काहीतरी आडोसा घ्या आणि तोंड मोकळ्या बाजूला करा. वरचा उजेड अडतो आणि समोरचा, बाजूचा उरतो.

माझ्या आजीचा मला सगळ्यात आवडणारा फोटो असाच निघालाय. नारायण पेठेतला वाडा, आषाढातली सकाळ, ती ओसरीवर लसूण सोलत बसलेली. मी तिला उठवून अंगणात आणलं, म्हटलं आजी इथे उजेड जास्त आहे. उजेड जास्त होताच पण सगळा वरून, डोळे दिसेनात, सुरकुत्यांच्या खाली काळ्या रेघा. पाच सात फोटो झाले आणि ती म्हणाली जाऊ दे रे मला आत, गार लागतंय इथे. आत जाऊन परत ओसरीच्या कडेला बसली, तोंड अंगणाकडे, आणि डोक्यावर माडीचा सज्जा. मी सहज बघितलं तर सगळा चेहराच बदललेला, अंगणातला उजेड समोरून जरासा डावीकडून येत होता आणि दोन्ही डोळ्यांत अंगणाचा पांढरा चौकोन चमकत होता. म्हटलं आजी, हलू नकोस. लसूण सोलायचं तिने थांबवलं नाही पण वर बघितलं.

वाडा नसला तरी चालतं. सोसायटीचं पार्किंग, दुकानाच्या पायरीवरचं छप्पर, घराचं दार, फ्लायओव्हरची कड, सगळीकडे हेच होतं. माणसाला कडेपासून साधारण एक दोन फूट आत उभं करायचं, फार आत नाही, कारण जसं आत जाल तसा उजेड भराभर कमी होतो आणि मागे कुठे मोकळं आभाळ दिसत असेल तर ते पांढरंफेक होतं. तुम्ही स्वतः बाहेर, छत्री घेऊन, पाठ मोकळ्या बाजूला. भुरभुर असेल तर कुणालातरी छत्री धरायला सांगा, एका हातात छत्री आणि एका हातात कॅमेरा हे शंभरातल्या नव्वद ब्लर फोटोंचं कारण आहे. छत्री काळी घ्या, रंगीत छत्रीचा रंग समोरच्याच्या तोंडावर पडतो.

ह्याच कारणासाठी मला पावसाळ्यात जंगली महाराज रोडवरची पाताळेश्वर लेणी फार आवडतात. आठव्या शतकातलं काम, काळ्या कातळात कोरलेलं, आणि मध्ये मोकळं अंगण ज्यात तो गोल नंदीमंडप आहे. उन्हात इथे फोटो काढून बघा, बाहेरचा दगड जळालेला म्हणजे नुसता पांढरा आणि आतले खांब नुसता अंधार, मधलं काहीच नाही. मळभात अंगणातला उजेड हळूच आत खांबांपर्यंत पोचतो, पहिला खांब उजळ, मागचा त्याहून कमी, त्यामागचा अजून कमी, आणि फोटोत खोली आपोआप येते. पाऊस पडून गेला असेल तर कातळ ओला होऊन जवळजवळ निळसर काळा दिसतो. ट्रायपॉड नेऊ नका, त्याला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, खांबाला खांदा टेकून श्वास सोडताना बटण दाबा.

आणि आडोसाच नसेल तर माणसाचं तोंड वर करा. इतकं साधं आहे. त्यासाठी पर्वतीच्या पायऱ्यांसारखी जागा नाही, १०३ पायऱ्या आहेत, माणसाला खाली उभं करा, तुम्ही पाच सहा पायऱ्या वर जा आणि त्याला म्हणा माझ्याकडे बघ. तो वर बघतो, आभाळाचा उजेड सरळ डोळ्यांत जातो, खोबणी भरतात, आणि दुसरा फायदा म्हणजे मागे पांढरं आभाळ न येता दगडी पायऱ्या येतात. माझ्या मामेबहिणीचे साखरपुड्याच्या आधीचे फोटो मी आधी टेकडीच्या कड्यावर काढले होते, मागे सगळं आभाळ घेऊन, आणि दोघंही काळे पडले, मागे नुसता कागदासारखा पांढरा पट्टा. ते सगळे परत काढले, पर्वतीच्या पायऱ्यांवर, दुसऱ्याच रविवारी, मळभ तेवढंच होतं.

पायऱ्याही नसतील तर थर्माकोलचा दीड दोन फुटांचा पांढरा तुकडा घ्या, तो माणसाच्या कमरेपाशी आडवा धरला की वरचा उजेड त्यावरून उडून हनुवटीखाली आणि डोळ्यांत जातो. फ्रेम छातीपासून वर ठेवा म्हणजे तो दिसत नाही. पांढरी ओढणी मांडीवर पसरली तरी थोडंफार काम होतं.

आता ह्यात एक फसण्यासारखी जागा आहे. मंडईच्या बाहेर पावसाळ्यात सगळ्या मावश्या निळी ताडपत्री बांधून बसतात, आणि आडोसा म्हणून ती छान वाटते पण ताडपत्रीतून गाळून येणारा उजेड निळा असतो, टोमॅटो जांभळे दिसतात आणि माणसं आजारी. नंतर एडिट करताना निळा काढायला गेलं की बाहेरून आलेला साधा उजेड पिवळा पडतो, कारण एकाच फोटोत दोन रंगांचे उजेड आहेत. त्यामुळे ताडपत्रीच्या मध्ये बसलेल्या मावशींचा नाही तर कडेला बसलेल्या मावशींचा फोटो काढा, जिथे बाहेरचा उजेड जास्त पोचतो. आधी विचारा, मावशी एक फोटो काढू का, आणि शक्यतो भाजी घेऊन मग विचारा, तोपर्यंत चार शब्द बोलणं झालेलं असतं आणि चेहरा मोकळा झालेला असतो. दाट झाडाखाली हेच हिरव्या रंगाचं होतं, एम्प्रेस गार्डनमध्ये मोठ्या झाडाखाली गोऱ्या माणसाचा फोटो काढलात तर हिरवट झाक येतेच, तिथे थोडं झाडाबाहेर या.

आभाळाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, सपाट पांढरं आभाळ असेल तर ते फ्रेममध्ये घेऊच नका. डोळ्याला ते राखाडी दिसतं पण जमिनीपेक्षा ते खूपच उजळ असतं आणि कॅमेऱ्याला दोन्ही एकदम झेपत नाही. शिवाय बघणाऱ्याची नजर आधी सगळ्यात पांढऱ्या भागाकडे जाते, मग तिथे काहीच नसलं की संपलंच. थोडं उंचावर जाऊन कॅमेरा खाली वळवा, वडाच्या पारंब्या किंवा कौलांची कड वरून येऊ द्या, भिंत नाहीतर टेकडीचा उतार मागे घ्या, मोबाईलवर अल्ट्रावाइड सोडून २एक्स वापरा म्हणजे आभाळ आपोआप बाहेर जातं. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा मी म्हणूनच मळभात समोरून घेत नाही, वर बुरुजामागे पांढरा पट्टा येतो आणि दगडाचा उठाव तर तिरक्या उन्हातच दिसतो, मळभात तटबंदी सपाट वाटते. तिथे मळभात बघायचं ते दारावरचे टोकदार खिळे, ओल्या दगडातलं शेवाळ, जवळून. प्रत्येक गोष्ट प्रत्येक उजेडात चांगली दिसत नाही हे मान्य करून टाकलं की खूप पेट्रोल वाचतं.

सेटिंगचं बोलू. आपला डोळा सवय करून घेतो म्हणून कळत नाही पण मळभात उजेड बराच कमी असतो. पूर्वी फिल्मच्या पाकिटावर सूर्याचं, ढगाचं चित्र काढून आकडे छापलेले असायचे, तो हिशोब अजून तंतोतंत चालतो. आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते, शटर म्हणजे तो किती सेकंद उघडा राहतो ते, आणि अपर्चर म्हणजे लेन्सचं भोक, एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं. आयएसओ १०० आणि शटर १/१२५ धरलं तर कडक उन्हात अपर्चर एफ १६, सावली दिसत नाही असं ढगाळ असेल तर एफ ८, आणि गच्च काळं भरून आलं असेल तर एफ ५.६. म्हणजे उन्हाच्या चौथ्या ते आठव्या हिश्श्याएवढा उजेड. आणि छपराखाली गेलात की त्याहून कमी. कॅमेरा ऑटोवर असेल तर तो गुपचूप शटर हळू करतो आणि घरी येऊन कळतं की सगळे हललेले आहेत. म्हणून शटर तुम्ही ठरवा, उभ्या माणसाला १/१२५, चालणाऱ्याला १/२५०, पोरं पळत असतील तर १/५००, आणि आयएसओ ऑटोवर सोडा, ८०० काय १६०० गेला तरी जाऊ द्या. थोडा दाणा म्हणजे खरखरीतपणा चालतो हो, हललेला चेहरा कशानेच दुरुस्त होत नाही.

दुसरं, कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर सगळ्या जगाला सरासरी राखाडी धरून चालतं. फ्रेममध्ये पांढरं आभाळ आलं, धुकं आलं की त्याला वाटतं फारच उजेड आहे आणि ते फोटो काळा करून टाकतं. तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मीटरपेक्षा उजळ किंवा काळा करायचं सेटिंग, अधिक ०.७ ते अधिक १ वर न्या. मोबाईलवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, लॉक झालं की शेजारचं सूर्याचं चिन्ह वर सरकवा. ओल्या काळ्या कातळाने फ्रेम भरली असेल तर नेमकं उलटं, थोडं कमी करा, नाहीतर कातळ राखाडी होऊन ती सगळी मजा जाते.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोचा रंग पिवळसर की निळसर हे ठरवणारं सेटिंग, क्लाउडीवर ठेवा, साधारण ६००० ते ६५०० केल्विन. ऑटो बरेचदा थंड, निळसर ठेवतो आणि त्यामुळेच पावसाळ्यातले चेहरे उदास वाटतात. पण सिंहगडावरच्या धुक्याला किंवा संध्याकाळच्या रस्त्याला मी मुद्दाम थंडच ठेवतो, तो गारवा फोटोत हवा असतो. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये काढत असाल तर हे सगळं घरी ठरवता येतं, आणि आभाळातलं थोडंफार परतही आणता येतं, म्हणून मळभात तरी रॉ चालू ठेवाच.

रंगांची गंमत वेगळीच आहे. लोकांना वाटतं ऊन नाही म्हणजे रंग नाही, पण उन्हात पानाचा वरचा पृष्ठभाग चमकतो आणि ती पांढरी चमक हिरव्या रंगावर पडदा टाकते. मळभात ती चमक कमी होते आणि पान खरंच किती हिरवं आहे ते दिसतं. तरी ओल्या पानांवर आभाळाचा पांढरेपणा राहतोच, त्याला सीपीएल म्हणजे पोलरायझर फिल्टर लावा आणि पानांकडे तिरकं बघत फिरवत राहा, एका जागी येऊन चमक एकदम पुसली जाते आणि हिरवा खोल होतो. लोक सीपीएल फक्त निळ्या आभाळासाठी घेतात आणि पावसाळ्यात काढून ठेवतात, मी उलट पावसाळ्यातच लावतो. दीड दोन स्टॉप उजेड खातो तो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तेवढं शटर किंवा आयएसओ बघा. वेताळ टेकडीवर पावसाळ्यात कळलावी फुलते, लाल पिवळ्या ज्वाळेसारखी, ती उन्हात नुसती लाल डाग होते आणि मळभात प्रत्येक पाकळीची लाट दिसते. वारा असतोच टेकडीवर, म्हणून १/५००, आणि एक हात फुलाच्या मागे वाऱ्याच्या बाजूला. फूल तोडू नका, झाड विषारी असतं, पोरं बरोबर असतील तर हात लावू देऊ नका. सिंहगडावर ऑगस्ट सप्टेंबरमध्ये सोनकीचे पिवळे उतार असतात, त्याला तर पांढरं धुकं मागे असेल तर काहीच करावं लागत नाही.

फ्रेममध्ये एक रंग जोरात असू द्या, बाकी गप्प. राखाडी रस्ता, राखाडी इमारत आणि एक पिवळा रेनकोट. दोन चार रंग घेतले की मळभात ते एकमेकांशी भांडत नाहीत पण कुणीच बोलतही नाही. आणि रंग नसेलच तर ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, ओमकारेश्वराजवळचा नदीकाठ, ओले दगड, पाण्यावरचं आभाळ, रंगात काही नसतं तिथे आणि करड्या छटांमध्ये सगळं असतं.

मळभाचा सगळ्यात मोठा उपकार मला वाटतो वारीत. ज्ञानोबा तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, भवानी पेठेत आणि नाना पेठेत, आणि मग माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि उन्हाने रापलेले चेहरे. कडक उन्हात ह्याचा फोटो काढायचा म्हणजे चेहरा धरला तर कपडे जळतात आणि कपडे धरले तर चेहरा काळा, मधला मार्ग नाही. ढगाखाली दोन्ही बसतं, टोपीची घडी दिसते, कपाळावरचा बुक्का दिसतो, डोळे दिसतात. एक्स्पोजर चेहऱ्यावर ठेवा, शटर १/२५० तरी, कारण माउली थांबत नाहीत आणि आपण त्यांना थांबवायचं नाही. दिवे घाटात सगळे वरून तो वळणाचा फोटो काढायला धावतात, तो काढाच, पण मळभात तो बरेचदा धुरकट येतो. मला विचाराल तर खाली वारकऱ्यांबरोबर चाला आणि जवळून काढा. मळभाचा उजेड माणसांचा आहे, दूरच्या देखाव्यांचा नाही.

धुकं म्हणजे जमिनीवर उतरलेला ढगच. सिंहगड समुद्रसपाटीपासून १३०० मीटरच्या आसपास, त्यामुळे जुलैत तुम्ही ढगाच्या आतच असता. तिथे दूरचं काही दिसत नाही म्हणून लोक हिरमुसून भजी खाऊन परत येतात. अहो दूरचं दिसत नाही हेच तर हवंय. एरवी फोटोत मागे येणारे टॉवर, गाड्या, स्टॉल सगळं धुकं पुसून टाकतं. जवळ एक गोष्ट घ्या, पंधरा वीस फुटांवर, दरवाजाची कमान, एखादं झाड, घोंगडी घेतलेला माणूस, आणि तिच्या मागे दुसरी जरा फिकी, तिच्या मागे तिसरी अजून फिकी. ऑटोफोकस धुक्यात नुसता पुढेमागे फिरत बसतो, त्याला कमानीची कड किंवा माणसाची बाहेरची रेघ दाखवा, नाहीतर मॅन्युअलवर या. कॉम्पेन्सेशन अधिक १. आणि कड्याच्या टोकाला जाऊ नका, धुक्यात टोक कुठे संपतं कळत नाही, गवत ओलं असतं.

प्रत्यक्ष पाऊस फोटोत दिसायला हवा असेल तर मागे काळं काहीतरी लागतं, काळं झाड, उघडं दार, अंधारी गल्ली. पांढऱ्या आभाळावर पाऊस दिसतच नाही. १/१२५ ला बारीक रेघा येतात, १/३० ला लांब दोरे, १/१००० ला मणी, मला १/१२५ च्या रेघा आवडतात. ताम्हिणीला ओढे धबधबे रेशमासारखे करायचे असतील तर पाव सेकंद ते एक सेकंद, मळभात उजेडच कमी असल्यामुळे सीपीएल लावून आयएसओ १०० आणि एफ ११ ला जवळजवळ पोचताच. शेवाळावर अजिबात पाय ठेवू नका, आणि पाणी अचानक वाढतं, वर डोंगरात पाऊस पडत असतो आणि खाली तुम्हाला पत्ताही नसतो. तेच पुण्यातल्या मुठेवरच्या भिडे पुलाचं, खडकवासला धरणातून पाणी सोडलं की तो पाण्याखाली जातो, तेव्हा वरच्या पुलावरूनच फोटो घ्या. विजा चमकायला लागल्या तर टेकडीवरून गप खाली, ट्रायपॉड मिटून.

आता आभाळ कधी घ्यायचं? जेव्हा ढगांना आकार असतो. मे अखेरीचा वळीव येण्याआधी दुपारी चारला आभाळात जे चढतं ते, जूनची पहिली सर येतानाचं, आणि मग सप्टेंबर ऑक्टोबरचा परतीचा पाऊस. मधल्या जुलैतलं आभाळ म्हणजे नुसती गोधडी. वळीवाच्या वेळी पर्वतीवर किंवा वेताळ टेकडीवर जाऊन आभाळाला दोन तृतीयांश फ्रेम द्या, एक्स्पोजर आभाळावर धरा, शहर काळपट राहू दे. श्रावणात ढगाला फट पडून किरणांचे पट्टे उतरतात ते एखाद मिनिट टिकतात, तेव्हा सेटिंग शोधत बसू नका, आधीच उणे ०.७ लावून ठेवा. निघण्याआधी हवामान खात्याचे सॅटेलाइट फोटो बघायची सवय लावा, फक्त पाऊस किती टक्के ते बघून काही कळत नाही, ढगांची चादर अखंड आहे की तुकडे तुकडे ते बघा. तुकडे असतील तर आभाळाचा दिवस, अखंड असेल तर माणसांचा आणि पानांचा दिवस. पुणेकरांना तर हवामान खातं घरचंच, शिमला ऑफिस चौक हे नावच मुळी १९२८ साली हे ऑफिस शिमल्याहून इथे आलं म्हणून पडलं.

संध्याकाळ सोडू नका. जुलैत सूर्य मावळतो सव्वासातच्या आसपास, आणि मळभात सूर्यास्त दिसत नाही म्हणून सगळे सात वाजता घरी जातात. थांबा. साडेसातच्या सुमारास तेच फिकं आभाळ गडद निळं होतं आणि दुकानांच्या, दिव्यांच्या उजेडाशी त्याची बरोबरी होते, दहा पंधरा मिनिटं दोन्ही एकाच फोटोत मावतात. तेव्हा मात्र आभाळ घ्याच. लक्ष्मी रोडवर पाऊस नुकताच थांबलेला असेल तर रस्ता म्हणजे आरसा, कॅमेरा गुडघ्याच्या खाली आणा, डबक्याच्या अगदी जवळ, मोबाईल असेल तर उलटा धरा म्हणजे लेन्स पाण्याच्या जवळ जाते.

एडिटिंगला फार वेळ घालवू नका. मळभातल्या फोटोत काळा भाग खरा काळा नसतो, तो थोडा खाली आणा, उजळ भाग थोडा वर, स्नॅपसीड अ‍ॅपमध्ये कर्व्हने दोन मिनिटांत होतं. सॅच्युरेशन वाढवू नका, हिरवा आधीच भरपूर असतो, तो विषारी दिसायला लागतो. आभाळ बदलून निळं लावणारे अ‍ॅप असतात, ते कृपा करून नको, खाली मऊ उजेड आणि वर कडक उन्हाचं आभाळ, डोळ्याला लगेच खोटं कळतं.

सामानाचं शेवटी सांगतो पण हे पाळाच. कॅमेऱ्याला दुधाची स्वच्छ पिशवी किंवा हॉटेलात मिळते ती शॉवर कॅप, रबरबँड लावून. लेन्सला हूड म्हणजे पुढे लावायची कड, तो उन्हापेक्षा थेंबांसाठी जास्त उपयोगी. खिशात जुनी धुतलेली सुती बनियन, मोबाईलची लेन्स दर पाच मिनिटांनी पुसा, बोटाचा तेलकट डाग आणि दमट हवा मिळून सगळा फोटो दुधाळ होतो आणि आपण मळभाला नावं ठेवतो. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढलात तर गार काचेवर बाहेरच्या दमट हवेचं पाणी साचतं, सिंहगडावर जाताना खडकवासल्याच्या आसपास एसी बंद करून काचा उघडा म्हणजे वर पोचेपर्यंत लेन्स बाहेरच्या हवेला येते. आणि घरी आल्यावर बॅग ओली तशी कपाटात टाकू नका. मी एका ऑगस्टमध्ये तीन आठवडे टाकली होती, गणपतीत काढली तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी, दुरुस्तीवाल्याने उघडून साफ केली पण काचेवरचा थर थोडा खाल्ला गेला तो गेलाच. तेव्हापासून रात्री सगळं कोरड्या कापडाने पुसून तासभर पंख्याखाली ठेवतो, मग घट्ट झाकणाचा धान्याचा डबा, तळाला सिलिका जेलच्या पुड्या, आत एक छोटं आर्द्रता मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये हवा, ६० च्या वर जायला लागला की पुड्या बदला. रंग बदलणारं सिलिका जेल मिळतं ते घ्या, मंद आचेवर तव्यात कोरडं भाजलं की परत वापरता येतं, फक्त तो तवा पोळ्यांचा नसू दे.